अणुकेंद्रकाचा ठाव: विकिरण प्रयोग कुठवर पोचले?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आकाशात दूर कुठेतरी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की त्याची नोंद मराठवाड्यात घेतली जाईल. हे तारे किती मोठे असतात, या प्रश्नाचा एक धागा मात्र थेट शिशाच्या अणुकेंद्रकापर्यंत जातो. तो सोडवायचा तर शिशाच्या पातळ पत्र्यावर इलेक्ट्रॉन मारून ते कुठल्या कोनात किती उडाले हे मोजावे लागते. अशा मोजमापांतून २०२१ आणि २०२२ साली दोन निकाल आले आणि त्यांचा एकमेकांशी मेळ अजून बसलेला नाही.

देगलूर, उदगीर, नांदेड, लातूर इथल्या महाविद्यालयांत बीएस्सीच्या विद्यार्थ्याला रुदरफर्डचा सोन्याच्या वर्खाचा प्रयोग शिकवला जातो, नंतर केंद्रकाचे शेल मॉडेल येते आणि विषय तिथेच थांबतो. रुदरफर्डपासून आजपर्यंत विकिरणाच्या प्रयोगांनी केंद्रकाबद्दल नेमके काय कळवले आणि कुठल्या मुद्द्यांवर जाणकारांत अजून मतभेद आहेत, याचा एकत्रित हिशेब मराठीत फारसा सापडत नाही. या लेखात तो मांडायचा आहे.

रुदरफर्ड ते हॉफस्टॅटर

१९०९मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या वर्खावर अल्फा कण सोडले, तेव्हा सुमारे ८,००० कणांमागे एखादा कण उलट्या दिशेने परतला. १९११मध्ये रुदरफर्डने त्यावरून अणूचा सगळा धन प्रभार मधोमध एका अतिसूक्ष्म जागी एकवटलेला असल्याचे दाखवले. पाठ्यपुस्तकात एक गोष्ट राहून जाते. त्या प्रयोगातून केंद्रकाची त्रिज्या मिळाली नव्हती, मिळाली होती ती तिची वरची मर्यादा. किरणोत्सारी स्रोतातून येणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा जेमतेम ७-८ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एवढ्या ऊर्जेने तो सोन्याच्या केंद्रकापासून सुमारे ३० फेम्टोमीटरवर थबकतो आणि मागे फिरतो. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या ७ फेम्टोमीटरच्या आसपास आहे. (एक फेम्टोमीटर म्हणजे एक मीटर भागिले एकावर पंधरा शून्ये.) म्हणजे रुदरफर्डचे कण केंद्रकाला शिवलेही नव्हते. त्याचे सूत्र इतके चोख लागू पडले ते याच कारणाने.

केंद्रकाला खरोखर भिडायचे तर जास्त ऊर्जा हवी, आणि त्याच्या आतला तपशील हवा असेल तर कणाची तरंगलांबी केंद्रकाच्या आकाराएवढी किंवा त्याहून कमी हवी. हे काम स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५३पासून शेकडो मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन वापरून केले. त्यांच्या मोजणीतून तीन गोष्टी पक्क्या झाल्या. केंद्रकाची त्रिज्या न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. आतली घनता हलक्या केंद्रकांचा अपवाद सोडता जवळपास सगळीकडे सारखी असते, एका घन फेम्टोमीटरला सुमारे ०.१७ न्यूक्लिऑन. आणि केंद्रकाला धारदार कड नसते, सुमारे अडीच फेम्टोमीटरच्या पट्ट्यात घनता हळूहळू शून्यावर येते. याच मालिकेत प्रोटॉनलाही स्वतःचे आकारमान आहे हे कळले. १९६१चे नोबेल हॉफस्टॅटर यांना मोसबाउर यांच्यासोबत मिळाले.

इलेक्ट्रॉनवर इतका भरवसा का? इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांच्यातले बल विद्युतचुंबकीय आहे, त्याचे गणित आपल्याला अतिशय बारकाईने करता येते, आणि ते बल तुलनेने क्षीण असल्यामुळे इलेक्ट्रॉन केंद्रकाला फार न ढवळता आरपार जातो. जे काही वेगळे दिसते ते केंद्रकाच्या रचनेच्या खात्यावर टाकता येते. मात्र इलेक्ट्रॉनला दिसतो तो प्रभार, म्हणजे प्रोटॉन. शिसे-२०८च्या केंद्रकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात, त्यांतले १२६ इलेक्ट्रॉनच्या नजरेतून जवळजवळ सुटतात. पुढचे निम्मे वाद या एका अडचणीतून निघालेले आहेत.

जड कणांचा मार्ग आणि मुंबईचे काम

न्यूट्रॉन पाहायचे तर प्रोटॉन, अल्फा किंवा आणखी जड आयन मारणे हा सरळ उपाय. हे कण केंद्रकाशी प्रबळ बलाने भिडतात आणि त्यांना प्रोटॉन-न्यूट्रॉन दोन्ही दिसतात. पण प्रबळ बलाचे गणित अवघड. येणारा कण केंद्रकात शिरून अनेकदा आपटतो, काही वेळा शोषला जातो, काही वेळा स्वतःच फुटतो. म्हणून केंद्रकाऐवजी एक संमिश्र विभव मानून हिशेब करतात. त्याचा वास्तव भाग कणाची वाट वळवतो, काल्पनिक भाग शोषण दाखवतो. याला ऑप्टिकल मॉडेल म्हणतात आणि त्यात वूड्स व सॅक्सन यांनी १९५४मध्ये सुचवलेला आकार आजही वापरात आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा दोन्ही अंगांनी आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआरमधले भालचंद्र उदगावकर यांनी १९६२मध्ये मरे गेल-मान यांच्यासह अतिउच्च ऊर्जेच्या कणांची केंद्रकांशी टक्कर होण्याची शक्यता रेजे ध्रुवांच्या गृहीतकावरून वर्तवणारा निबंध लिहिला. पुढे मराठी विज्ञान परिषदेच्या कामामुळे उदगावकर मराठी वाचकांना जास्त परिचित झाले, पण विकिरणाच्या सिद्धांतातही त्यांचे नाव आहे. प्रयोगाच्या बाजूला ट्रॉम्बेत १९६०च्या दशकात ५.५ दशलक्ष व्होल्टचा व्हॅन-डी-ग्राफ त्वरक होता. पुढे त्याच जागी फोटिया हा दुमडलेल्या रचनेचा त्वरक झाला. मोठी झेप घेतली ती भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांनी मिळून कुलाब्याला बसवलेल्या १४ दशलक्ष व्होल्टच्या पेलेट्रॉनने. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तो चालू आहे.

पेलेट्रॉनचे काम जवळून समजून घेण्यासारखे आहे. उभ्या टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला असतो, म्हणजे इतक्या व्होल्टतेला ठिणगी पडू नये. टाकीच्या मध्यावर धातूचे टर्मिनल. धातूच्या गोळ्या नायलॉनच्या दुव्यांनी जोडून केलेली साखळी अखंड फिरत राहते आणि टर्मिनलवर धन प्रभार साठवते. वरच्या टोकाकडून ऋण आयन सोडले की ते टर्मिनलकडे ओढले जातात, तिथे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळतात आणि ते धन होतात. आता तेच टर्मिनल त्यांना खाली ढकलते. एकाच व्होल्टतेचा दोनदा उपयोग. लिथियम-७चे सगळे इलेक्ट्रॉन गेले तर १४ दशलक्ष व्होल्टला त्याला ५६ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. शिशाच्या केंद्रकाचा विद्युत अडसर ओलांडायला लिथियमला साधारण ३० लागतात. म्हणजे अडसराच्या खालीही आणि वरही, दोन्हीकडे बारकाईने मोजता येते. पुढे जोडलेल्या अतिवाहक लिनॅकने जड आयनांसाठी ही मर्यादा आणखी वर नेली.

अडसराच्या आसपासचा हा टापू मुंबईच्या गटांनी विशेष लावून धरला. १९८५मध्ये नागराजन, माहो आणि सॅचलर यांनी दाखवले होते की अडसराजवळ शोषण घटते तसे विभवाचा वास्तव भाग वाढतो, आणि दोन्हींची सांगड एका गणिती संबंधाने घातलेली असते. याला उंबरठ्यावरची विसंगती म्हणतात. घट्ट बांधलेल्या केंद्रकांत ती दिसते. लिथियम-६, बेरिलियम-९ अशी सैल बांधलेली केंद्रके मारली तर? ती अडसराखालीही फुटतात, त्यामुळे शोषण घटायला तयार नसते आणि ही विसंगती बदलते किंवा नाहीशी होते. लवचीक विकिरण, फुटीचे तुकडे आणि संलयन या तिन्हींची मोजमापे मुंबईत झाली आहेत. फुटीमुळे संलयन वाढते की घटते, यावर बराच काळ दोन पक्ष होते. अडसराच्या वर पूर्ण संलयन घटते हे आता बहुतेकांना मान्य आहे. ते कशामुळे, आधी फुटून मग एक तुकडा पकडला गेल्यामुळे की तुकडा थेट हस्तांतरित झाल्यामुळे, यावर मात्र एकमत नाही.

न्यूक्लिऑन किती स्वतंत्र? पंढरीपांडे यांचा प्रश्न

१९४९मध्ये मारिया गेपर्ट मायर आणि योहानेस येन्सन यांनी मांडलेल्या शेल मॉडेलचे गृहीत असे की केंद्रकातला प्रत्येक न्यूक्लिऑन इतरांनी मिळून तयार केलेल्या सरासरी विभवात आपल्यापुरता फिरतो. इतक्या दाटीत, इतक्या प्रबळ बलाखाली हे खरे कसे असेल, हा प्रश्न तेव्हापासून आहे. त्याचे आजचे स्वरूप घडवणाऱ्यांत विजय पंढरीपांडे यांचे नाव पहिल्या रांगेत येते. १९४०मध्ये नागपूरला त्यांचा जन्म झाला, टीआयएफआरमध्ये संशोधन झाले, आणि पुढची कारकीर्द अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात. १९९९चे बॉनर पारितोषिक त्यांना मिळाले. २००६मध्ये ते गेले. नागपूरचा हा माणूस केंद्रकीय भौतिकीत इतका मोठा होता हे मराठीत फार कमी लिहिले गेले, याची खंत वाटते.

त्यांची पद्धत अशी. आधी दोन न्यूक्लिऑनमधले बल विकिरणावरूनच ठरवायचे. १९९५मध्ये विरिंगा, स्टोक्स आणि शियाव्हिला यांनी प्रसिद्ध केलेले आर्गोन व्ही-१८ हे बल प्रोटॉन-प्रोटॉन आणि न्यूट्रॉन-प्रोटॉन विकिरणाच्या सुमारे ४,३०० मोजमापांवर बेतलेले आहे. मग तेच बल घेऊन हलक्या केंद्रकांचे गणित संगणकावर जवळपास अचूक सोडवायचे. तसे केले तर तीन न्यूक्लिऑनचे केंद्रकसुद्धा प्रयोगात दिसते त्यापेक्षा सैल येते. म्हणून तीन न्यूक्लिऑनमधले वेगळे बल घालावे लागले, आणि पंढरीपांडे यांच्या गटाची त्यासाठीची अर्बाना नावाची बले जगभर वापरली गेली. याच गणितातून १९९६मध्ये ड्युटेरॉनचे (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) एक चित्र निघाले: विशिष्ट ध्रुवणात त्याची घनता मेदूवड्याच्या कड्यासारखी मध्ये पोकळ. इलेक्ट्रॉन विकिरणातल्या ध्रुवणाच्या मोजमापांशी ते सुसंगत आहे.

स्वतंत्रपणाची थेट परीक्षा म्हणजे इलेक्ट्रॉन मारून एक प्रोटॉन उडवायचा आणि दोघांचे संवेग मोजून तो कुठल्या पातळीवरून आला ते शोधायचे. अ‍ॅमस्टरडॅमच्या निखेफ प्रयोगशाळेत १९८०-९०च्या दशकांत असे प्रयोग अनेक केंद्रकांवर झाले. शेल मॉडेलप्रमाणे भरलेल्या पातळीतून जेवढे प्रोटॉन मिळायला हवेत त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच मिळाले. १९९७मध्ये पंढरीपांडे, इंगो सिक आणि दे विट ह्यूबर्ट्स यांनी एका मोठ्या आढाव्यात याचा अर्थ लावला. काही तूट सौम्य, लांब पल्ल्याच्या हालचालींमुळे येते. उरलेली, दोन न्यूक्लिऑन अगदी जवळ आले की एकमेकांना जोरात ढकलतात आणि काही काळ उच्च संवेगाच्या अवस्थेत जातात म्हणून.

२००८मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातील जेफर्सन प्रयोगशाळेने अशा जोड्या प्रत्यक्ष पकडल्या. कार्बनमध्ये साधारण २० टक्के न्यूक्लिऑन कुठल्याही क्षणी अशा जवळच्या जोडीत असतात, आणि प्रोटॉन-प्रोटॉन जोड्यांपेक्षा न्यूट्रॉन-प्रोटॉन जोड्या सुमारे वीसपट. हा पक्षपात बलाच्या टेन्सर भागामुळे येतो, ज्याने ड्युटेरॉनला तो आकार दिला त्याच भागामुळे.

इथे वादाला तोंड फुटते. एक पक्ष म्हणतो की या जोड्या म्हणजे केंद्रकाची वस्तुस्थिती आहे आणि ती मोजता आली आहे. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप मूलभूत आहे. फर्नस्टाल आणि हॅमर यांनी २००२मध्येच विचारले होते की पातळी किती भरली आहे हा आकडा मुळात मोजता येण्याजोगा आहे का. त्यांचे म्हणणे असे की गणितात रचना आणि टक्कर यांची वाटणी आपण ठरवू तशी होते. बलाचे रूप बदलून तेवढाच बदल टक्करीच्या क्रियेत केला तर अंतिम मोजमाप तेच राहते, पण जोड्यांची टक्केवारी बदलते. म्हणून २० टक्के हा आकडा केंद्रकाचा एकट्याचा गुण नव्हे, निवडलेल्या वर्णनाचाही आहे.

माझ्या मते दुसऱ्या पक्षाचा मुद्दा तत्त्वतः बिनतोड आहे. मात्र एकाच वर्णनात राहून कार्बन, लोखंड, शिसे यांची तुलना केली तर जे प्रमाण टिकते ते खरे ज्ञान आहे, आणि पहिल्या पक्षाचे काम तिथे वाया जात नाही.

तिसरा मुद्दा जास्त प्रायोगिक आहे. अस्थिर केंद्रकांवर गेड आणि टॉस्टेव्हिन यांनी गोळा केलेल्या माहितीत ही तूट सगळीकडे सारखी नाही. न्यूट्रॉन कमी असलेल्या केंद्रकातून घट्ट बांधलेला न्यूट्रॉन काढायला गेले तर तूट फार मोठी, सैल बांधलेला काढला तर जवळजवळ नाहीच. पण तीच गोष्ट हस्तांतरणाच्या किंवा प्रोटॉनने प्रोटॉन उडवण्याच्या प्रयोगांतून मोजली तर हा उतार फारसा दिसत नाही. एसटीत जागा राखीव असली तरी प्रवासी प्रत्येक फेरीत तिथे बसलेला सापडेलच असे नाही, हे समजू शकते. पण दोन कंडक्टरांनी एकाच फेरीची वेगवेगळी मोजणी दिली तर दोष मोजण्याच्या रीतीत शोधावा लागतो. बहुतेक जाणकारांचा संशय आज टक्करीच्या सिद्धांतावर आहे. तो सिद्ध झालेला नाही.

याच प्रश्नाला जोडून आणखी एक जुने कोडे आहे. १९८३मध्ये सर्नच्या युरोपियन म्युऑन कोलॅबरेशनने पाहिले की लोखंडातल्या न्यूक्लिऑनमधले क्वार्क ड्युटेरियममधल्याहून वेगळ्या रीतीने संवेग वाटून घेतात. २०११मध्ये हा परिणाम आणि जवळच्या जोड्यांचे प्रमाण केंद्रकागणिक हातात हात घालून वाढते असे दिसले. मग प्रत्येक न्यूक्लिऑन सरासरी क्षेत्रात थोडा थोडा बदलतो, की फक्त जोडीत असलेले थोडे न्यूक्लिऑन खूप बदलतात? दोन्ही बाजूंची प्रारूपे आजच्या मोजमापांशी जुळतात. सोबत वाढणे म्हणजे कारण असणे नव्हे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

शिशाची न्यूट्रॉन साल

सगळ्यांत चुरशीचा प्रश्न आता. शिसे-२०८मध्ये प्रोटॉनपेक्षा ४४ न्यूट्रॉन जास्त आहेत. हे जादा न्यूट्रॉन आतच सामावतात, की पृष्ठभागाकडे सरकून वेगळी साल तयार करतात? सालीची जाडी ज्या दाबावर ठरते तोच दाब न्यूट्रॉन ताऱ्याला गुरुत्वाविरुद्ध तोलून धरतो. शिशाचे केंद्रक आणि न्यूट्रॉन तारा यांच्या आकारांत अठरा शून्यांचा फरक असूनही दोन्ही एका सूत्रात येतात ते यामुळे.

प्रोटॉनच्या विकिरणातून अंदाज आधीपासून होते. जपानमध्ये ओसाकाच्या आरसीएनपी केंद्रात ३०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या प्रोटॉनांवरून साल सुमारे ०.२१ फेम्टोमीटर आली. त्याच केंद्रात शिसे विद्युत क्षेत्रात किती ताणले जाते हे मोजून ती सुमारे ०.१६ निघाली. पण दोन्हींमध्ये प्रारूपांचा आधार लागतो, आणि टीकाकारांचे बोट नेमके तिथेच होते.

म्हणून जेफर्सन प्रयोगशाळेने प्रेक्स हा प्रयोग योजला. विद्युतचुंबकीय बलाला न्यूट्रॉन दिसत नसला तरी क्षीण बलाला तो चांगला दिसतो, प्रोटॉन मात्र जवळपास दिसत नाही. क्षीण बल डाव्या-उजव्यात भेद करते. इलेक्ट्रॉन डाव्या फिरकीचे आणि उजव्या फिरकीचे आलटून-पालटून मारायचे आणि दोन्हींच्या विकिरणातला फरक मोजायचा. हा फरक किती? एक कोटीत साडेपाच. अर्धा मिलिमीटर जाडीचा शिसे-२०८चा पत्रा हिऱ्याच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये दाबून अतिशीत हेलियमने थंड ठेवला होता, कारण शिसे लवकर वितळते आणि हिरा उष्णता वेगाने वाहून नेतो. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ९५३ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, मोजण्याचा कोन पाच अंशांच्या आसपास. शलाका फिरकीनुसार केसभर जरी सरकली तरी खोटा फरक दिसू शकतो, म्हणून शलाकेची जागा, ऊर्जा, तीव्रता यांवर सतत पहारा. २०२१मध्ये निकाल आला: साल ०.२८३ फेम्टोमीटर, अनिश्चितता ०.०७१. अपेक्षेपेक्षा जाड.

मग त्याच पद्धतीने कॅल्शियम-४८वर क्रेक्स प्रयोग झाला. २०२२चा निकाल ०.१२१, म्हणजे पातळ. शिशाची साल जाड दाखवणारी प्रारूपे कॅल्शियमचीही जाड दाखवतात. दोन्ही मोजमापे एकदम बसवणारे प्रारूप सापडणे कठीण झाले.

यावर तीन भूमिका आहेत. पहिली संख्याशास्त्राची: प्रेक्सची अनिश्चितता मोठी आहे, खरे मूल्य खालच्या टोकाला असेल तर विरोध बराचसा विरघळतो. दुसरी प्रारूपांची: घनतेवर आधारलेल्या ऊर्जासूत्रांत काही पद राहून गेले असावे, विशेषतः प्रोटॉन-न्यूट्रॉन भेद करणाऱ्या फिरकी-कक्षा बलाचे. तिसरी, मूळ बलापासून गणित करणाऱ्यांची: २०२२मध्ये अशा गणितातून शिशाची साल ०.१४ ते ०.२० फेम्टोमीटर आली, म्हणून प्रेक्सचा मध्य थोडा वर गेला असावा असा त्यांचा कल.

ताऱ्यांची साक्षही इथेच येते. १७ ऑगस्ट २०१७ला टिपलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून लायगो-व्हर्गो गटाने ताऱ्याची त्रिज्या ११.९ किलोमीटर काढली, अनिश्चितता १.४. प्रेक्सचा आकडा जसाच्या तसा घेतला तर त्रिज्या १३-१४ किलोमीटरकडे झुकते. पंढरीपांडे यांनी अकमल आणि रेव्हनहॉल यांच्यासह १९९८मध्ये दिलेले ताऱ्याच्या द्रव्याचे सूत्र ११ किलोमीटरच्या पुढेमागे त्रिज्या देते, आणि ते लायगोच्या पट्ट्यात बसते. याला सिद्धता म्हणता येत नाही, कारण ताऱ्याच्या गाभ्यात केंद्रकाच्या कितीतरी पट घनता असते आणि तिथे द्रव्याचे रूपच बदलत असण्याची शक्यता उरते. एका प्रयोगाच्या भरवशावर ताऱ्यांचे शास्त्र बदलू नये आणि ताऱ्यांच्या भरवशावर प्रयोगही बाद करू नये, असे मला वाटते. जर्मनीत माइन्झला मेसा त्वरकावर शिशाचे मोजमाप अधिक अचूकपणे करण्याची योजना आहे. तिचा आकडा येईपर्यंत हा प्रश्न उघडाच राहील.

अस्थिर केंद्रके आणि प्रोटॉन, थोडक्यात

१९८५मध्ये तानिहाता आणि सहकाऱ्यांनी बर्कलीत लिथियम-११ची टक्कर होण्याची शक्यता मोजली आणि ते केंद्रक अपेक्षेपेक्षा फारच मोठे निघाले. दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून लांब, आभेप्रमाणे पसरलेले. अशी केंद्रके क्षणभरच जगतात, त्यांचा पत्रा करता येत नाही. म्हणून त्यांचीच शलाका करून ती हायड्रोजनसारख्या हलक्या लक्ष्यावर मारतात. इलेक्ट्रॉनचे विकिरण अस्थिर केंद्रकांवर करणे फार काळ अशक्य वाटत होते. जपानच्या रिकेनमध्ये साठवण कड्यातल्या इलेक्ट्रॉन शलाकेतच आयन अडकवून २०२३मध्ये सीझियम-१३७वर ते साधले.

प्रोटॉनच्या त्रिज्येचा वाद बराच निवळला आहे. २०१०मध्ये म्युऑनी हायड्रोजनवरून ती ०.८४ फेम्टोमीटर आली, त्याच वर्षीच्या माइन्झच्या इलेक्ट्रॉन विकिरणातून ०.८८. २०१९च्या प्रॅड प्रयोगाने इलेक्ट्रॉननेच ०.८३१ दिले. लहान आकड्याकडे बहुमत आहे. माइन्झची मोजमापे मोठी का आली, याचे सर्वमान्य उत्तर नाही.

सध्याची स्थिती

प्रोटॉन कुठे आहेत हा प्रश्न स्थिर केंद्रकांपुरता सुटला आहे. न्यूट्रॉन कुठे आहेत हा सुटलेला नाही. न्यूक्लिऑन किती स्वतंत्र आहेत, याचे उत्तर मोजमापाइतकेच वर्णनाच्या निवडीवर अवलंबून आहे हे आता उघड झाले आहे. आणि सगळ्या वादांच्या मुळाशी एकच अडचण दिसते: टक्करीची क्रिया आणि केंद्रकाची रचना एकमेकांपासून सोडवून घेणे. माझा कौल असा की एकाच केंद्रकावर इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि जड आयन तिन्ही मारून, तिन्हींचे गणित एकाच बलापासून करणे हाच पुढचा खात्रीचा रस्ता आहे. अमेरिकेत ब्रूकहेवनला होऊ घातलेला इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर क्वार्कच्या पातळीवर केंद्रकाची रचना तपासू पाहणार आहे.

नांदेड-लातूरच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना एक विनंती. जगभरच्या केंद्रकीय टक्करींची मोजमापे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एक्सफोर या संग्रहात सर्वांसाठी मोफत खुली आहेत. त्यातून शिशावरच्या अल्फा कणांच्या विकिरणाचे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घ्या आणि रुदरफर्डच्या सूत्राशी त्यांचा आलेख ताडून पाहा. ६० अंशांच्या कोनाला सुमारे २७ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत सूत्र जुळते आणि त्यापुढे एकदम ढळते. त्या ऊर्जेला अल्फा शिशाच्या किती जवळ जातो हे कागदावर काढले तर उत्तर १३ फेम्टोमीटर येते, आणि केंद्रकीय बल सुरू होते ते तिथे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, एक संगणक आणि दोन तास पुरतात. ज्यांना त्यापुढे जायचे आहे त्यांच्यासाठी टीआयएफआरचा उन्हाळी व्हीएसआरपी कार्यक्रम आहे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा नियस आहे, आणि विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्राची शलाका आहे. या कार्यक्रमांचे अर्ज आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत वेळेत पोचवा.